वायर कुठे खुपसू?

हेडफोन ॲम्प आणि डॅक अशा जोडनावाची डबी विकत घेताना माणूस तिचं तोंड बघतो. तोंडावर एक गुबगुबीत नॉब आणि मिणमिणत्या दिव्यांची एक ओळ. इतकं सुटसुटीत काहीतरी घरात आलं म्हणून खुशीत ती टेबलावर ठेवावी, वायर लावायला फिरवावी, तर मागे भोकंच भोकं. यूएसबी, ऑप्टिकल, कोॲक्सियल. डबी जरा महागातली असेल तर एईएस. आणि हौसेला मोल नसेल तर एचडीएमआयसारखं दिसणारं आणखी एक. शिवाय ब्लूटूथ आहेच.

सोबतच्या पुस्तिकेत या प्रत्येक भोकाचं नाव दिलेलं असतं, क्षमता दिलेली असते. त्यातलं चांगलं कुठलं, हे मात्र कुठेही लिहिलेलं नसतं. हे मौन आपल्याला सोसत नाही. आपल्याला पर्याय नको असतात, निकाल हवा असतो. पाच इनपुट दिलेत म्हणजे त्यातलं एक पहिलं आलेलं असणार आणि एक काठावर पास झालेलं. आणि एवढे पैसे मोजून आपण नेमकं काठावर पास झालेलंच वापरतोय की काय, या शंकेने गाणं बाजूला राहतं आणि माणूस टॉर्च घेऊन टेबलामागे वाकतो.

वास्तविक डबीचं काम सरळ आहे. सीडीवरचं गाणं म्हणजे नुसते आकडे: सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली आवाजाची मोजमापं, डाव्या कानाची वेगळी, उजव्याची वेगळी, प्रत्येक १६ बिटांचं. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. डॅक या आकड्यांवरून विजेची लाट तयार करतो, ॲम्प त्या लाटेला हेडफोनचा पडदा हलवण्याइतका जोर देतो. प्रश्न एवढाच, की हे आकडे डबीपर्यंत कुठल्या वाटेने न्यायचे.

या धंद्यात पहिल्यापासूनच ‘उत्तम’पेक्षा ‘बसतंय का’ हा प्रश्न मोठा. ४४,१०० याच आकड्याचं बघा. डिजिटल आवाज सुरुवातीला व्हिडिओच्या टेपवर साठवत असत, त्यामुळे तो टीव्हीच्या चित्राच्या रेघांमध्ये बसवावा लागे. अमेरिकी पद्धतीत रेघेमागे ३ मोजमापं, २४५ रेघा, सेकंदाला ६० वेळा. युरोपी पद्धतीत ३ मोजमापं, २९४ रेघा, ५० वेळा. दोन्हीकडून उत्तर ४४,१००. ज्या आकड्याच्या पुढे जायला लोक आज ९६ हजारांच्या आणि १ लाख ९२ हजारांच्या फायली विकत घेतात, तो आकडा कुणा तपस्व्याच्या कानातून उतरलेला नाही. दोन्ही घरी चालेल असा निघाला म्हणून ठरला.

पण हे जाणकारांना सांगून उपयोग नसतो. हा विषय चारचौघांत काढूच नये. आमच्या सोसायटीत एक काका आहेत, ते कट्टर ऑप्टिकलवाले. “अरे, कोॲक्समधून वीज येते. वीज म्हणजे घाण,” असं ते विजेवर चालणाऱ्या पंख्याखाली बसून सांगतात. आमचा मेहुणा कोॲक्सवाला. “दाजी, ऑप्टिकल लावू नका. आवाज पातळ होतो.” दोघं समोरासमोर आले की चहा दोनदा करावा लागतो. तिसरं मत मला पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने दिलं. मी त्याला दोन्ही पक्षांची बाजू नीट मांडून विचारलं, की नेमकं घेऊ काय? त्याने काउंटरवरून मान वर न करता सांगितलं, “डिजिटल आहे ना? येतं, नाहीतर येत नाही. पिशवी देऊ?” तिघांत सत्याच्या सर्वांत जवळ हाच होता, पण त्याने वायरचे फारच थोडे पैसे घेतल्यामुळे त्याचं मत कुणी गंभीरपणे घेत नाही.

आता एकेक भोक बघू.

ऑप्टिकलचं मूळ १९८३ सालचं. टोशिबाने आपले सीडी प्लेअर आपल्याच रिसीव्हरना जोडण्यासाठी ते काढलं, म्हणून त्याचं नाव टॉसलिंक. वायर म्हणजे सुमारे एक मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा धागा, आणि त्यातून जातो लाल उजेड. नव्या वायरीच्या दोन्ही टोकांना इवल्याशा पारदर्शक टोप्या असतात. त्या न काढताच वायर दामटणारे आणि मग “पीस खराब आहे” म्हणून परत द्यायला येणारे लोक दुकानदारांच्या चांगले ओळखीचे असतात. भोकाला छोटं चौकोनी दार असतं, ते ढकलून वायर आत गेली की बारीकसा ‘टक्’ होतो. तो झाला नाही तर वायर बसलेली नाही, हे टोशिबाचे उपकार समजावेत असं एकमेव स्पष्ट विधान. काका पाहुणे आले की खोलीतला दिवा घालवतात, वायरीचं टोक काढून तळहातावर लाल ठिपका पाडतात आणि म्हणतात, “हे बघा, अब्दुल करीम खाँ.” पाहुणे हळूच ठिपक्याला नमस्कार करतात.

या वाटेचे दोष उघड आहेत. धागा फार दुमडला तर उजेड अडतो. ९६ हजारांपर्यंत ती बिनतक्रार जाते. १ लाख ९२ हजार म्हटलं की कधी चालते, कधी मधेच गप्प होते. लांबवर न्यायलाही ती फारशी उत्सुक नसते. गुण मात्र एकच, पण भलताच मोठा, तो पुढे येईलच.

कोॲक्सियल म्हणजे तीच भाषा, फक्त उजेडाऐवजी तांब्यातून. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून ती ठरवली, म्हणून तिच्या नावात दोघांची आद्याक्षरं आहेत: एस-पीडीआयएफ. म्हणजे काका आणि मेहुणा ज्या दोन पक्षांसाठी भांडतात, त्या दोन्ही पक्षांच्या पोटात अक्षर न् अक्षर एकच मजकूर आहे. कोॲक्सला ७५ ओहमची वायर लागते, एवढी एकच तिची अट. आणि इथे मराठी घराची थोरवी कामी येते. आपल्याकडे माळ्यावर एक पिशवी असते. तिच्यात बंद पडलेल्या सगळ्या उपकरणांच्या चालू वायरी असतात आणि त्या “लागेल कधीतरी” या एका वाक्यावर वीस-वीस वर्षं काढतात. त्या पिशवीत जुन्या डीव्हीडी प्लेअरची लाल-पांढरी-पिवळी अशी तिपेडी वायर नक्की सापडते. त्यातली पिवळी चित्रासाठी, म्हणजे ७५ ओहमचीच असायची. ती उचला, डिजिटल कोॲक्सला लावा, हात-दोन हातांच्या अंतरात सुरेख चालते. चांदीचा मुलामा दिलेली वायर नुकतीच आणलेल्या माणसाला हे सांगितलं तर तो काही बोलत नाही; नंतर आपल्याकडे येणं-जाणं कमी करतो.

याच घराण्यातला थोरला भाऊ एईएस. तीन पिनांचा जाडजूड प्लग, ११० ओहम, स्टुडिओतल्या लांबलांब वायरींसाठी केलेला. तुमची डबी आणि सीडी प्लेअर यांच्यामध्ये एक अख्खं ध्वनिमुद्रण केंद्र येत नसेल, तर त्याला सुखाने बसू द्यावं.

एचडीएमआयसारखं दिसणारं ते भोक एचडीएमआय नसतं. हे मोठ्या अक्षरांत छापायला हवं, पण छापत नाहीत. त्याचं नाव आय-टू-एस. १९८६ साली फिलिप्सने ही पद्धत काढली ती एकाच पट्टीवरच्या दोन चिपांनी आपसात बोलावं म्हणून. पुढे कुणाला तरी वाटलं, की एवढी जवळची कुजबुज खोक्याबाहेरही काढावी. वायर सहज मिळावी म्हणून त्यांनी एचडीएमआयचा सांगाडा उसना घेतला, पण कुठल्या पिनेवर काय असावं यावर कंपन्यांचं एकमत झालं नाही. टीव्हीची एचडीएमआय वायर त्यात खुपसून लोक रिमोटची बटणं दाबत बसतात. दोन्ही बाजू चालू असतात आणि कुणीच कुणाला ओळखत नाही.

उरलं यूएसबी. १९९६ साली आलेलं, कीबोर्ड-माऊस-प्रिंटर यांच्या गर्दीतलं. संगीताच्या खानदानी मंडळींनी त्याला बरीच वर्षं दारातच उभं केलं होतं, आणि त्याला थोडं कारणही होतं. कारण आकडे पोचवणं हे अर्धं काम. ते नेमक्या कुठल्या क्षणी वाचायचे, हे उरलेलं अर्धं. हे समजायला मैफलीत बसावं. ऑप्टिकल आणि कोॲक्समध्ये लय तबलजीच्या हातात असते: आकडे पाठवणारं यंत्र त्या आकड्यांतच ठेका मिसळून देतं, आणि डॅकने तो ऐकून त्याच्यामागून गायचं. तबलजी जरा हलला की गवईही हलला. सुरुवातीचं यूएसबी तर याहून बेभरवशाचं; कॉम्प्युटर एकीकडे ठेका धरणार, दुसरीकडे प्रिंटरशी बोलणार. मग ‘असिंक्रोनस’ पद्धत आली. वेव्हलेंग्थ ऑडिओच्या गॉर्डन रँकिन यांनी ती या क्षेत्रात रुजवायला मोठा हातभार लावला. तिच्यात लय गवयाने, म्हणजे डॅकने, स्वतःच्या हातात घेतली. तो आपल्या घड्याळाने गातो आणि कॉम्प्युटरला सांगतो, आता जरा जास्त दे, आता जरा थांब. ख्यालाच्या मैफलीत हे असंच असतं, त्यामुळे आपल्याला ते पटकन पटायला हरकत नाही.

लय हलण्याच्या या दोषाला जिटर म्हणतात. ‘जिटर’ हा शब्द कळल्यापासून आमच्या मेहुण्याला तो ऐकूही येऊ लागला. सीडीतल्या दोन मोजमापांमध्ये अंतर असतं सुमारे २३ मायक्रोसेकंदांचं. बऱ्या डॅकमधलं लयीचं हलणं त्याच्या हजारांश भागाहूनही कमी भरतं. २००५ साली जपानी संशोधकांनी संगीत ऐकवून याची चाचणी घेतली, तेव्हा शेकडो नॅनोसेकंदांपर्यंत मुद्दाम हलवलेली लयसुद्धा ऐकणाऱ्यांना ओळखता आली नव्हती. हे मी मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, “त्यांनी काय ऐकवलं असेल कुणास ठाऊक.”

म्हणून आपणच ऐकवायचं ठरवलं. एकाच सीडी प्लेअरमधून ऑप्टिकल आणि कोॲक्स अशा दोन्ही वायरी डबीला लावल्या. अब्दुल करीम खाँसाहेबांची १९३०च्या दशकातली ध्वनिमुद्रिका लावली. म्हणजे सुईच्या चरचरीसकट. डबीला इनपुट बदलायचं एक बटण आहे: दाबलं की यूएसबी, पुन्हा दाबलं की ऑप्टिकल, मग कोॲक्स, मग ब्लूटूथ, आणि परत यूएसबी. मेहुण्याला पाठ फिरवून बसवलं आणि बटण त्याच्या मुलीच्या हाती दिलं. पोरगी शाळेतून आलेली, भुकेली. तिने बटण टकटक चार वेळा दाबलं आणि ते फिरून होतं तिथेच आलं. मेहुण्याने डोळे मिटले. “आहा! बघा दाजी, आता जवारी ऐकू यायला लागली. हेच कोॲक्स.” पोरगी म्हणाली, “बाबा, ऑप्टिकल आहे. मघाशी पण तेच होतं.” मेहुणा क्षणभर थांबला. मग शांतपणे म्हणाला, “मग डबी आता तापली असणार. तापल्यावर आवाज खुलतो.”

एवढं सगळं झालं तरी दुकानदाराचं “येतं नाहीतर येत नाही” एका ठिकाणी अपुरं पडतं, आणि ते ठिकाण आकड्यांत नाही, विजेत आहे. यूएसबीची वायर आकड्यांबरोबर लॅपटॉपचं विजेचं नातंही डबीशी जोडते. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनांचा, डबीचा प्लग तीन पिनांचा, दोन्ही अर्थिंगला गेलेले आणि मधून यूएसबीनेही जोडलेले. झालं वर्तुळ पूर्ण. मग हलक्याशा विजेवरही जागे होणारे इयरफोन लावले, की आलापांच्या मधल्या शांततेत आपल्या वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची घुमी ऐकू येते. कधी तर माऊस हलवला की कानात किरकिर होते, आणि पान खाली सरकवलं की किरकिरीचा सूर बदलतो. हा भास नसतो. हे जिटरही नसतं. चार्जर काढून लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवा; घुमी गेली तर चोर सापडला.

अशा वेळी काही वीर प्लगची तिसरी पिन मोडतात. ती पिन आपल्याला शॉक बसू नये म्हणून आहे; तिला हात लावू नये. सोसायटीचं अर्थिंग तपासायला सांगावं, हा योग्य मार्ग. पण अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा शेवटचा कधी भरला होता आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालतं, हा विषय वार्षिक सभेत गेला की पार्किंगच्या मुद्द्यामागे उभा राहतो. तोवर ऑप्टिकल लावावं. त्याचा तो भलामोठा गुण हाच: प्लॅस्टिकमधून वीज जातच नाही, फक्त उजेड जातो, त्यामुळे वर्तुळ तुटतं आणि घुमी बंद. काकांचा निष्कर्ष बरोबर होता. कारण मात्र त्यांनी घाण वगैरे सांगितल्यामुळे मी त्यांना हे अजून कळू दिलेलं नाही.

तर निकाल. गाणं लॅपटॉपमध्ये किंवा फोनमध्ये असेल, तर यूएसबी. मोठ्यातली मोठी फाईल तेच पेलतं, आणि लय डबीच्याच हातात राहते. विंडोजवाल्यांना आधी वेगळा ड्रायव्हर टाकावा लागे; बऱ्याच डब्यांसोबत तो सीडीवर यायचा आणि नव्या लॅपटॉपना सीडी घालायला जागाच नसायची. २०१७ साली विंडोजने स्वतःचा ड्रायव्हर दिला आणि तो खेळ संपला. फक्त एक ध्यानात ठेवायचं: विंडोज डीफॉल्टने आपलं गाणं आणि ईमेलची ‘टिंग’ एकत्र करून, एका ठरलेल्या दराला आणून मग पुढे धाडतं. भोकावरून रात्र जागवण्यापेक्षा ती एक सेटिंग बघितली तर जास्त पदरात पडतं. लॅपटॉपमुळे घुमी येत असेल आणि त्याला ऑप्टिकलची सोय असेल, तर ऑप्टिकल. सीडी प्लेअर असेल तर कोॲक्स, आणि त्यासाठी माळा. टीव्ही असेल तर ऑप्टिकल. कारण बहुतेक टीव्हींना तेच असतं. मात्र टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘पीसीएम’ निवडायला विसरू नये. नाहीतर टीव्ही डॉल्बीचं गाठोडं तसंच्या तसं पाठवतो, डबीला ते सोडता येत नाही, आणि मग एकतर नुसती शांतता किंवा नुसता खरखराट.

ब्लूटूथबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. ते आकडे गाळून पाठवतं. साध्या पद्धतीत सेकंदाला सव्वातीन लाखांच्या आसपास बिट आणि एलडॅक या वरच्या पद्धतीत जास्तीत जास्त ९ लाख ९० हजार; सीडीच्या चौदा लाखांपुढे दोन्ही उणेच. जाणकारांच्या बैठकीत त्याचं नाव काढलं की लोक खोकतात.

आमच्या घरी हा सगळा हिशेब मांडून मी आईला समजावून सांगितला. कारण रात्री सगळे झोपले की तिला मालिका बघायची असते आणि टीव्ही त्याच डबीला जोडलाय. जिटर सांगितला, अर्थिंग सांगितलं, गवई-तबलजी सांगितले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते असू दे. माझी मालिका बटण कितव्यांदा दाबल्यावर येते, तेवढं सांग.”

त्या दिवसापासून डबीवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. यूएसबीच्या दिव्यापाशी माझं नाव, ऑप्टिकलपाशी आईचं. कोॲक्सपाशी काकांचं, ते आपल्या सीडी घेऊन येतात, आणि प्लेअरची कुठली वायर चालू आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. ब्लूटूथपाशी मेहुण्याचं नाव आहे. त्याचा त्यावर सक्त आक्षेप आहे. पण घरी आला की सोफ्यावर आडवा होऊन तो खिशातला फोनच जोडतो. आता वायर शोधायला कोण उठणार?